पुढे काही आहे का?

पास्कल भाषेत एक प्रश्न असा आहे, की तो विचारणाराच खोळंबून बसतो. 'व्हाईल नॉट ईओएफ डू' अशी ती ओळ. फाईल संपत नाही तोवर हे काम करत राहा, एवढाच तिचा अर्थ. डिस्कवरच्या फाईलसाठी ती लिहिली तर उत्तर क्षणात मिळते आणि काम पुढे सरकते. तीच कीबोर्डसाठी लिहिली की प्रोग्राम सुरू होतो आणि गप्प होतो. पडद्यावर काही उमटत नाही, कर्सर तेवढा लुकलुकतो. मुलगा संगणकाकडे बघत असतो, संगणक मुलाकडे, आणि समोरच्याने आधी काहीतरी बोलावे म्हणून दोघेही थांबलेले असतात.

शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 साली सुरू झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बोरलँड कंपनीने टर्बो पास्कल बाजारात आणले. हा निव्वळ योगायोग आहे. पण आमच्या बुलढाणा जिल्ह्यात संगणक नावाची वस्तू ज्या दशकात मुलांच्या हाती येऊ लागली, ते दशक पास्कलचे होते हेही खरे. बेसिक आणि फोरट्रान होतेच. पण नीटनेटके कसे लिहावे हे पुष्कळांना पास्कलने शिकवले. 'बिगिन' आणि 'एंड' यांच्या जोड्या जुळवता जुळवता विचारांनाही समास सोडायची सवय लागली. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, निळ्या पडद्यावरची पिवळी अक्षरे त्याला आठवतात. आणि बहुतेकांनी हा गप्प झालेला प्रोग्रामही कधी ना कधी पाहिलेला असतो.

उदाहरण आपल्याच मातीतले घेऊ. 1870 साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला तो कापसासाठी. त्या खामगावच्या बाजारात आलेल्या गाड्यांची वजने एकामागून एक टाइप करायची, आणि शेवटी एकूण क्विंटल किती आणि सरासरी किती ते सांगायचे. गाड्या किती येणार हे आधी माहीत नाही. मग मुलगा लिहितो: ईओएफ होत नाही तोवर 'वजन?' असे विचार, रीडएलएनने आकडा वाच, बेरजेत मिळव. वाचायला हे इतके स्वच्छ आहे की त्यात खोट असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

प्रोग्राम चालवला की 'वजन?' हा शब्द पडद्यावर येतच नाही. वैतागून मुलगा काहीतरी आकडा टाइप करून एंटर दाबतो, आणि मग 'वजन?' उमटते. उत्तर आधी, प्रश्न नंतर. पुढे आणखी मौज आहे. तो प्रश्न उमटताक्षणी रीडएलएनने आधीच टाइप झालेला आकडा उचललेला असतो आणि प्रोग्राम पुन्हा ईओएफपाशी येऊन थांबलेला असतो. मुलाला वाटते, हा प्रश्न आता मला विचारलाय. तो दुसरे वजन टाकतो. नजरेला सगळे सुरळीत दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक प्रश्न आधीच्या उत्तराचा असतो. प्रश्नात गाडीचा क्रमांक छापला तर बिंग फुटते: पडद्यावर 'गाडी 3' लिहिलेले असताना मुलगा चौथ्या गाडीचे वजन भरत असतो. बेरीज मात्र बरोबर येते. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे खपून गेली.

ही गंमत कळायला झुरिकला जावे लागते. निक्लाउस विर्थ यांनी पास्कल तिथल्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात घडवली आणि 1970 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा पहिला कम्पायलर कंट्रोल डेटा कंपनीच्या 6000 मालिकेतल्या यंत्रावर चालला. त्या काळी यंत्रापुढे बसून कुणी गप्पा मारत नसे. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापील कागद नंतर घेऊन जायचा. प्रोग्राम चालू होई तेव्हा त्याचा सगळा डेटा आधीच पंच झालेला, क्रमाने लावलेला, शेवटच्या कार्डासकट हजर असे. दुसऱ्या शब्दांत, डेटा भूतकाळात जमा झालेला असे. पुढचे कार्ड आहे की नाही हे पाहणे म्हणजे गठ्ठ्याकडे पाहणे.

विर्थ यांनी फाईलला एक खिडकी दिली होती. फाईल उघडली की तिचा पहिला घटक आपोआप त्या खिडकीत येऊन बसतो. त्याच्याशी जे करायचे ते करा, मग 'गेट' म्हणा, की पुढचा येतो. खिडकीत यायला काही उरले नसेल तर ईओएफ खरे. या रचनेचे सौंदर्य रिकाम्या फाईलपाशी कळते. तपासणी वाचण्याच्या आधी असल्यामुळे रिकाम्या फाईलवर लूप एकदाही फिरत नाही, आणि त्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. शून्य हे इतर संख्यांसारखेच वागते. प्रोग्राम गणितासारखा सिद्ध करता आला पाहिजे असे मानणाऱ्या पिढीचे हे काम आहे, आणि त्या दृष्टीने ते निर्दोष आहे.

मग पुढच्या काही वर्षांत कार्डे गेली आणि पडद्यासमोर माणूस येऊन बसला. पास्कलच्या नियमानुसार 'इनपुट' ही फाईल प्रोग्राम सुरू होतानाच उघडलेली असते. म्हणजे तिचा पहिला वर्ण खिडकीत असायलाच हवा. पण तो वर्ण अजून कुणी टाइपच केलेला नाही! तो टाइप करणाऱ्याच्या मनातही कदाचित नसेल. शब्दशः नियम पाळणारे सुरुवातीचे कम्पायलर म्हणूनच 'आपले नाव लिहा' एवढे म्हणण्याआधीच एका अक्षरासाठी अडून बसत. यातून वाटा निघाल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत केनेथ बोल्स यांच्या गटाने आपल्या पास्कलमध्ये 'इंटरॲक्टिव्ह' नावाचा फाईलचा वेगळाच प्रकार काढला. तो उघडला तरी खिडकी रिकामी राहते. इतरांनी आळशी वाचनाचा मार्ग धरला: खिडकी भरलेली आहे असे म्हणायचे, आणि कुणी प्रत्यक्ष डोकावेल तेव्हाच धावपळ करून ती भरायची. टर्बोने खिडकी मोडीतच काढली. तरी ईओएफ हा प्रश्न बहुतेकांनी तसाच ठेवला, आणि डोकावणारा पहिला तोच असतो.

त्याला उत्तरे दोनच देता येतात, हो किंवा नाही. 'अजून ठरायचे आहे' हे तिसरे उत्तर त्याच्या शब्दकोशात नाही. कीबोर्डच्या बाबतीत बहुतेक वेळा खरे असते ते हेच तिसरे. ते बोलता येत नाही म्हणून तो थांबतो. नवशिक्याला ते थांबणे बिघाड वाटते. मला ते त्या फंक्शनने दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर वाटते. टर्बोच्या सीआरटी युनिटमध्ये 'कीप्रेस्ड' नावाचे दुसरे फंक्शन आहे. ते या घटकेला कुणी कळ दाबलेली आहे का एवढेच विचारते आणि ताबडतोब सांगते. ते वर्तमानाबद्दल बोलते म्हणून अडत नाही. ईओएफही वर्तमानाबद्दलच बोलतोय असे वाक्यरचनेवरून वाटते; मागतो मात्र भविष्य.

आता शेवट कळवायचा कसा, याकडे येऊ. डॉसवर कंट्रोल-झेड दाबून एंटर करायचे, युनिक्सवर कंट्रोल-डी. दोन यंत्रांच्या दोन कळा, म्हणून ही गोष्ट सोडून देणारे पुष्कळ. पण या दोन कळांमागे शेवट म्हणजे काय याविषयीची दोन वेगळी मते आहेत.

कंट्रोल-झेड हा एक वर्ण आहे, आस्कीच्या तक्त्यात 26 क्रमांकाचा. डॉसने ती सवय गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या आधीच्या प्रणालीकडून उचलली. सीपी/एमच्या यादीत फाईलची लांबी बाइटमध्ये नसे, 128 बाइटच्या तुकड्यांत असे. शेवटचा तुकडा अर्धाच भरला असेल तर मजकूर नेमका कुठे थांबला हे यंत्राला कळायला मार्ग नाही. म्हणून मजकुराच्या पोटातच खूण ठेवली: इथे 26 दिसला की पुढचे वाचू नका. डॉसला लांबी बाइटपर्यंत ठाऊक होती, तरी खूण राहिली. चित्र किंवा ध्वनी साठवलेल्या फाईलीत 26 हा आकडा सहज कुठेही येऊ शकतो. तशी फाईल मजकूर म्हणून उघडली की ती अर्ध्यातच संपते, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

युनिक्सचा कंट्रोल-डी मात्र फाईलीत जातच नाही. तो टर्मिनलला एवढेच सांगतो की आतापर्यंत टाइप झालेले जे काही असेल ते वाचणाऱ्याच्या हवाली कर. ओळीच्या सुरुवातीला दाबला तर हवाली करायला काहीच नसते; वाचणाऱ्याच्या हाती शून्य बाइट पडतात, आणि त्या शून्यालाच तो शेवट म्हणतो. ओळीच्या मध्ये दाबला तर अर्धी ओळ हाती पडते, शेवट होत नाही. पुन्हा दाबावा लागतो. आणि शेवट झाल्यावरही कीबोर्ड जिवंतच असतो. हट्टाने पुन्हा वाचायला गेले तर माणूस पुढे टाइप करू शकतो. इथे शेवटाला स्वतःचे शरीर नाही. काही न मिळणे हाच शेवट.

हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाचे अगदी शेवटचे सूत्र थांबण्याची व्याख्या करते. त्याच्या आधीच्या सूत्रात पाणिनी वर्णांच्या निकट सान्निध्याला संहिता असे नाव देतो, आणि लगेच पुढे विरामाला अवसान. ही संज्ञा त्याला कशासाठी हवी? पुनर् हा शब्द घ्या. पुढे स्वर आला तर पुनरागमन, मृदू व्यंजन आले तर पुनर्जन्म. पुढे काहीच नसेल तर त्या र् चा विसर्ग होतो आणि पुनः उरते. र् चे काय होणार हे र् कडे बघून ठरत नाही. पुढे कोण आहे ते पाहावे लागते. आणि 'पुढे कुणीही नाही' ही परिस्थितीसुद्धा पाणिनीने एखाद्या वर्णासारखीच नियमात बसवली. त्याच्या सूत्रात कठोर व्यंजन आणि अवसान शेजारी शेजारी बसतात, दोन्हींचा परिणाम एकच. विर्थ यांची रिकामी फाईल जशी इतर फाईलींच्या पंक्तीत बसते, तसेच.

पुढे भाष्यकार आणि वृत्तिकार यांच्यात प्रश्न निघाला की अवसान म्हणायचे कशाला. पुढच्या वर्णांचा अभाव म्हणजे अवसान, की ज्याच्यापाशी उच्चार थांबतो तो अंत्य वर्ण म्हणजे अवसान? दोन्ही अर्थ मांडले गेले, दोन्हींच्या अडचणी तपासल्या गेल्या. अभाव मानला तर अभावाला नाव कसे द्यायचे, आणि तो नेमका कुठला अभाव, कारण बोलायला सुरुवात करण्याआधीही अभावच असतो. अंत्य वर्ण मानला तर तो अंत्य आहे हे कळायला पुन्हा पुढचा अभाव पाहावाच लागतो. सीपी/एम आणि युनिक्स घडवणाऱ्यांनी महाभाष्य वाचले असेल असे सुचवण्याचा खुळेपणा मला करायचा नाही. पूर्वजांना सगळे ठाऊक होते छापाच्या लेखांनी आधीच पुरेसा कागद खाल्ला आहे. मुद्दा एवढाच, की क्रमाने येणाऱ्या खुणा एकामागून एक वाचायला बसलेल्या कुणालाही ही अडचण भेटते, मग तो वैयाकरण असो की यंत्र.

यात पास्कलची एक नवलाची बाजू आहे. स्वतःचा शेवट तिला पक्का कळतो. प्रोग्रामच्या अखेरीस 'एंड' आणि त्यापुढे पूर्णविराम. तो दिसला की कम्पायलर समाधानाने थांबतो. त्याखाली तुम्ही किराण्याची यादी लिहिलीत तरी टर्बो पास्कल तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मीमांसक ज्याला आकांक्षा म्हणतात ती तिथे पूर्ण झालेली असते: उघडलेला प्रत्येक 'बिगिन' मिटला, काही मागणे उरले नाही. वाक्य पूर्ण झाले हे वाक्याच्या आतूनच कळते. कापसाच्या वजनांना अशी आतली बांधणी नाही. सतरावी गाडी अठराव्या गाडीची अपेक्षा ठेवत नाही आणि ती शेवटची आहे असेही सांगत नाही. नुसत्या यादीला शेवट बाहेरूनच यावा लागतो.

पावसाचे तसेच आहे, आणि बुलढाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याइतके हे कुणाला ठाऊक असणार? जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा प्रकारची धान्ये, मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर, पापड, कुरडई, करंजी. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ किती भिजले ते पाहून वर्ष कसे जाईल ते सांगतात, आणि ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी आलेले असतात. त्या भाकितावर मला विश्वास ठेवता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचे आक्षेप मला पटतात. पण तिथे उभ्या असलेल्या माणसाची गरज मला खोटी वाटत नाही. सोयाबीनची पिशवी फोडण्याआधी त्याला हवे असते ते नेमके ईओएफ: पुढे काही आहे का? पहिल्या सरीवर पेरले आणि मग पावसाने दडी मारली की दुबार पेरणी. त्याला वाचून मग ठरवण्याची मुभा नाही, आधी ठरवावे लागते.

हवामान खात्याची तऱ्हा वेगळी. नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतला हे वायव्य भारतात जाहीर करायचे तर 1 सप्टेंबरनंतर सलग 5 दिवस पाऊस थांबलेला असावा लागतो; जोडीला खालच्या थरात प्रतिचक्रवात आणि हवेतल्या बाष्पात घट. पाऊस 'मी संपलो' असे सांगत नाही, म्हणून त्याच्या गप्प राहण्यावर मुदत घालून शेवट मानायचा. संगणकातही हा उपाय आहे: ठरावीक वेळ काही आले नाही तर संपले असे धरा. बँकेचे यंत्र आपल्याला असेच बाहेर काढते. पण मुदतीने ठरवलेला शेवट हा अंदाज असतो. खात्याने पावसाची पाठवणी केल्यावरही वेचणीला आलेला कापूस भिजतोच.

माणसाच्या बाबतीत मुदत लावण्याची गरज नसते, कारण माणूस सांगू शकतो. फक्त त्याला विचारले पाहिजे, आणि कसे सांगायचे तेही सांगितले पाहिजे. इथे आमच्या प्रयोगशाळांतल्या एका सवयीने घात केला. प्रोग्रामच्या डोक्यावर 'युजेस सीआरटी' आणि पहिल्या ओळीत 'क्लियरस्क्रीन' लिहिल्याशिवाय कुणाचे पान हलत नसे. पडदा स्वच्छ हवा! पण सीआरटी युनिट घेतले की कीबोर्डचा ताबा त्याच्याकडे जातो, आणि त्यात 'चेकईओएफ' नावाचे एक चल असते. त्याची मूळ किंमत असत्य. ती मुद्दाम सत्य केल्याशिवाय कंट्रोल-झेडचा काहीही परिणाम होत नाही. मुलगा पुस्तकात वाचून कंट्रोल-झेड दाबतो, पुन्हा दाबतो, प्रोग्राम वजने मागतच राहतो. शेवटी कंट्रोल-ब्रेक. पडदा साफ करण्याच्या हौसेने बाहेर पडण्याचे दार बंद केले होते, हे त्याला कुणी सांगत नसे.

सांगणाऱ्यांनी बहुधा सोपा तोडगा दिला: शेवटी शून्य टाका, किंवा 999. वजनाला शून्य चालते, कारण रिकामी गाडी कुणी तोलायला आणत नाही. तापमानाला शून्य चालणार नाही, नफ्या-तोट्याला उणे एक चालणार नाही. जी किंमत खऱ्या डेटात कधीच येणार नाही ती शोधून तिला द्वारपाल करायचे, हा सीपी/एमच्या 26 चाच घरगुती अवतार. पोथ्यांची रीत याहून शहाणी. दासगणूंच्या 'गजानन विजय'चे 21 अध्याय आहेत हे पारायणाला बसणाऱ्याला पहिल्या ओवीआधी ठाऊक असते, आणि प्रत्येक अध्याय आपण कितवा हे सांगून संपतो. मोजणी आधी, खूण नंतर. एक चुकली तरी दुसरी आहे. पण हे जमते कारण पोथी लिहून झालेली आहे. ती कार्डांचा गठ्ठाच आहे, कीबोर्ड नव्हे.

आणखी एक शेवट आहे, तो कुणी सांगत नाही आणि कुणी तपासूही शकत नाही. विदर्भातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला तो पाठ होता: लोडशेडिंग. चाळीस वजने भरून झाली, एकेचाळिसावे टाइप होतेय, आणि वीज गेली. ईओएफ खरे झाले नाही, लूप संपला नाही, आणि बेरीज छापायची ओळ लूपच्या खाली असल्यामुळे चाळीस गाड्यांचा कापूस हवेत विरला. ज्याच्या नावाने ही भाषा ओळखली जाते त्या ब्लेझ पास्कलने नेमका असाच प्रश्न 1654 साली फर्मा या गणितज्ञाशी पत्रव्यवहार करून सोडवला होता. दोन खेळाडूंचा डाव मध्येच बंद पडला, पुरेसे गुण कुणाचेच झाले नाहीत, तर पैज कशी वाटायची? आजवर कोण किती जिंकला ते पाहून नव्हे, असे त्याचे म्हणणे. उरलेला डाव किती प्रकारे जाऊ शकला असता ते मोजा आणि त्या प्रमाणात वाटा. संभाव्यतेचे शास्त्र या पत्रांतून उभे राहिले. खेळ संपलेला नसतानाच त्याची किंमत काढता येते, हा त्यातला खरा शोध. वजनांच्या प्रोग्रामला त्याचा धडा साधा आहे: दर गाडीमागे बेरीज लिहून ठेवा, शेवट येईल या भरवशावर राहू नका.

तर दोष कुणाचा? बेल प्रयोगशाळेतल्या ब्रायन कर्निगन यांनी 1981 साली पास्कलवर एक खरमरीत टिपण लिहिले, त्यात वाचण्या-लिहिण्याच्या या व्यवस्थेवर त्यांचा मोठा रोख होता: ती ज्या यंत्रप्रणालीवर जन्मली तिच्याच सवयी तिने भाषेत ओतल्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या प्रयोगशाळेतली सी भाषा उलट्या बाजूने जाते. आधी वाचायचे, मिळाले तर ते वापरायचे, नाही मिळाले तर 'संपले' ही खूण हाती येते. शेवट तिथे अनुभवाने कळतो, आधी विचारून नाही. सी शिकून आलेला माणूस पास्कलमध्ये अडखळतो आणि पास्कलवाला सीमध्ये शेवटची ओळ दोनदा छापतो, कारण तो तिथेही आधीच विचारून बसतो.

कर्निगन यांचे म्हणणे मला पटते, तरी त्यांच्या टिपणापेक्षा विर्थ यांनी पुढे जे केले ते जास्त बोलके आहे. 1 जानेवारी 2024 रोजी, नव्वदीला काही आठवडे उरले असताना ते गेले. मधल्या काळात त्यांनी आणखी भाषा घडवल्या. मोड्युला-2 मध्ये कीबोर्डवरून वाचण्याच्या युनिटात 'डन' नावाचे चल ठेवले: आधी वाचा, मग वाचणे साधले का ते 'डन'ला विचारा. ओबेरॉनमध्ये ईओएफ हे नाव परत आले, पण अर्थ पालटून. फाईलच्या शेवटापलीकडे वाचायचा प्रयत्न केल्यावर ते खरे होते, त्याआधी नाही. पास्कलचा प्रश्न तिच्या कर्त्यानेच मागे घेतला, आणि माझ्या मते योग्य केले. जिवंत माणसाकडून काही घ्यायचे असेल तर आधी हात पुढे करावा.

फ्री पास्कल आजही फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर चालते. चार ओळींचा तो वजनांचा प्रोग्राम लिहून बघा, प्रश्नात गाडीचा क्रमांक मुद्दाम छापा. सीआरटी घेऊ नका. थांबायचे झाले की विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर, लिनक्सवर ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-डी. आणि तो प्रोग्राम दुसऱ्या कुणाला वापरायला देणार असाल, तर ही कळ पहिल्याच ओळीत त्याला सांगून टाका.